सालदारावर ढकललेला ठपका आणि तो मागे घेण्याची रीत

यवतमाळ जिल्ह्यातील एका तरुण कास्तकाराने विचारलेल्या प्रश्नाचा गोषवारा असा. मागच्या खरिपात, पऱ्हाटीला (कपाशीला) पात्या-बोंडे धरत असताना, त्यांच्या घरचा सालदार (वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी) फवारणी करता करता वावरातच कोसळला. दोन औषधे एकत्र कालवण्याचे काकांनी ठरवले होते, पाठीवरचा पंप गळका होता, आणि हातमोजे किंवा चष्मा असे काहीच दिलेले नव्हते. दवाखान्यात नेताना गाडीत काका, कृषी केंद्राचे मालक आणि गावातले आणखी दोघे होते. “डॉक्टरले सांगजो, यानं औषध घेतलं म्हून, नाही त सारं आपल्याच अंगावर येते,” असे काका म्हणाले, बाकीच्यांनी माना डोलावल्या, आणि या तरुणाने डॉक्टरांपुढे तेच सांगितले. पुढे पोलिसांनी जबाब घेतला तेव्हाही तेच. सालदार वाचला, पण त्याच्यावर शिक्का बसला. पाडव्याला कोणी त्याचे साल धरले नाही आणि मुलीची ठरत आलेली सोयरीक फिसकटली. इकडे हा तरुण पारावर, लग्नकार्यात, जिथे विषय निघेल तिथे तीच हकीकत सांगत राहिला, आणि सांगता सांगता “तसाही तो पिऊनच होता” हेही त्यात केव्हातरी जोडले गेले. आता त्याला झोप लागत नाही. कोणतीही साधी गोष्ट सांगताना आपण खरे बोलतो आहोत की नाही अशी शंका त्याला येते. हा आजार आहे का, आणि घरचे ‘झाले ते झाले’ म्हणत असताना आता खरे सांगून काही उपयोग आहे का, असे त्याचे दोन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. आपण चुकीचे वागलो ही टोचणी म्हणजे आजार नव्हे, आणि ती घालवण्याची गोळी कोणी देत असेल तर घेऊ नका. मात्र सलग काही आठवडे झोप न लागणे, जेवणावरून मन उडणे, दारूचे प्रमाण वाढणे किंवा जगण्यात अर्थ नाही असे वाटणे यांपैकी काही असेल, तर त्याला उपचार लागतात आणि ते जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मिळतात. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. या भागात समुपदेशनाचे काम करणारा माणूस म्हणून मी प्रत्येकाला एक गोष्ट सांगतो, ती तुम्हालाही सांगतो: फवारणीची औषधे घरात, धान्याच्या कोठीजवळ ठेवू नका, कुलपाच्या पेटीत ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या.

दुसऱ्या प्रश्नाकडे येण्यापूर्वी ते खोटे तुमच्या तोंडून कसे निघाले हे नीट पाहिले पाहिजे, कारण तुमच्या पत्रात ते एका दमात, काकांच्या एका वाक्यामुळे घडल्यासारखे मांडले आहे. मला तसे वाटत नाही. आपल्याकडे अपघात विभागात कपड्यांना औषधाचा वास येणारा रोगी आला की ड्यूटीवरचा डॉक्टर बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो “काय घेतले आणि किती वाजता?” असा. त्याचा दोष नाही. या जिल्ह्यात त्याने तेच अधिक पाहिलेले असते. पण त्या प्रश्नात अर्धे उत्तर आधीच भरलेले आहे. तुम्हाला नवीन काही रचावे लागले नाही, औषधाचे नाव आणि अंदाजे वेळ तेवढी सांगायची होती, आणि ती दोन्ही खरीच होती. पुढच्या क्षणी केसपेपरवर ‘घेतले’ असे उमटले. सामाजिक दबावाखालचे खोटे बहुतेक वेळा असेच असते. ते बोलावे लागत नाही, फक्त दुरुस्त न करता सोडून द्यावे लागते. म्हणूनच पुढे कितीतरी दिवस माणूस स्वतःला सांगू शकतो की मी तर काही बोललोच नव्हतो.

गाडीतल्या चार माणसांच्या वजनाबद्दलही सांगतो. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये अमेरिकेत केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. समोरच्या रेघांपैकी कोणती रेघ नमुन्याएवढी आहे, इतका सोपा प्रश्न. पण आधी बोलणारे सगळे जण ठरवून चुकीचे उत्तर देत. अशा वेळी सुमारे एक तृतीयांश उत्तरे डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीच्या विरुद्ध, गटाच्या बाजूने गेली. तिथे लोक एकमेकांना ओळखतही नव्हते आणि कोणाचे काही अडणार नव्हते. तुमच्या गाडीत बसलेल्यांपैकी एकाकडे तुमची बियाण्याची उधारी होती, दुसऱ्याबरोबर सामाईक सातबारा होता, आणि उरलेल्या दोघांना तुमच्या घरच्या लग्नाला आणि मयतीला यायचे होते. शहरात माणूस नोकरी किंवा घर बदलू शकतो, गावात धुरा (शेताचा बांध) बदलता येत नाही. त्यामुळे त्या दिवशी तुम्ही वाकलात यात मला फारसे नवल वाटत नाही, आणि त्याबद्दल तुम्हाला झोडपण्यातही मला रस नाही. त्याच प्रयोगात, खरे उत्तर देणारा एक जरी सोबती मिळाला तरी वाकणाऱ्यांचे प्रमाण एकदम खाली आले, हे मात्र लक्षात असू द्या. ते पुढे उपयोगी पडेल.

माझा खरा आक्षेप दवाखान्यातल्या त्या क्षणावर नाही, तो नंतरच्या महिन्यांवर आहे. ‘तो पिऊनच होता’ हे तुम्हाला कोणीही सांगायला लावले नव्हते. मग ते आले कुठून? लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना अतिशय कंटाळवाणे काम करायला लावले आणि ते फार मजेदार होते असे पुढच्या माणसाला सांगायला लावले. काहींना त्यासाठी एक डॉलर दिला, काहींना वीस. नंतर विचारले तेव्हा वीस डॉलरवाल्यांनी काम कंटाळवाणे होते असे सरळ सांगितले. एक डॉलरवाले मात्र ते काम खरेच बरे होते असे मानू लागले होते. ज्याला खोटे बोलण्याचे भक्कम कारण असते तो मनातल्या मनात ‘मी खोटे बोललो’ असे म्हणू शकतो. ज्याचे कारण फुटकळ असते त्याला ते खोटेच खरे करून घ्यावे लागते. तुमचे कारण फुटकळ होते. काकांनी भुवई चढवली, बस्स. एवढ्यासाठी एका माणसाची अब्रू गेली हे पचत नाही, म्हणून त्याची अब्रू मुळातच नव्हती असे मन हळूहळू ठरवते. आधी तो निष्काळजी होतो, मग दारुडा होतो, मग ‘त्याच्या घरीच काहीतरी भानगड असेल’ असे होते. खोटे बोलल्याने माणूस जेवढा खचत नाही तेवढा तो, ते खोटे जिरवण्यासाठी दुसऱ्याला वाईट ठरवताना खचतो. आणि स्वतःच्या साध्या बोलण्यावरचा तुमचा विश्वास जो उडाला आहे, तो माझ्या मते इथेच उडाला आहे. कारण काय पाहिले, काय ऐकले आणि काय सोयीचे म्हणून मानले, यांतली रेघ तुम्ही स्वतःच्या हाताने पुसत गेला आहात.

गावानेही यात हात लावला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याकडे ‘खासी, खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी देत सगळी इडापिडा शिवेबाहेर घालवतात. ती मारबत मातीची-कागदाची बाहुली असते तोवर ठीक; पण कधी कधी गाव जिवंत माणसालाच मारबत करते, आणि तो माणूस सहसा भूमिहीन, सालाने राबणारा आणि जातीने दुबळा असतो, हे आपण आडपडदा न ठेवता कबूल केले पाहिजे. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो दवाखान्यांत दाखल झाली. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली होती, फवारा तोंडावर येत होता, औषधांची मिश्रणे मन मानेल तशी केली जात होती. तरी सगळ्यांत सहज बोलले गेलेले वाक्य ‘मजुरांनी किट घातली नाही’ हे होते. किट कोणी विकत घेऊन द्यायची होती, हा प्रश्न त्या वाक्यात येतच नाही. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे फवारणी करणाऱ्याला योग्य संरक्षक पोशाख मिळाला पाहिजे. तो स्वतःच्या मजुरीतून सालदाराने घ्यावा, अशी अपेक्षा कोणी कास्तकार जाहीरपणे करणार नाही. मनातून मात्र अनेक जण करतात.

आता ‘खरे सांगून उपयोग काय’ याचे उत्तर. तुम्ही आणि तुमच्या घरचे असे धरून चालला आहात की नुकसान फक्त बोलण्यातले होते. ते तसे नव्हते.

एक तर उपचाराचे. पोटातून गेलेल्या आणि कातडीतून गेलेल्या विषाची लक्षणे सारखी दिसू शकतात: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, लाळ, घाम, उलट्या, धाप. ॲट्रोपिन (अशा विषावर उतारा म्हणून देतात ते इंजेक्शन) दोन्हीकडे लागते. पण कातडीतून गेले असेल तर भिजलेले कपडे ताबडतोब काढून अंग साबणाने धुणे हे पहिले काम असते, नाहीतर इंजेक्शन चालू असतानाही विष आत शिरत राहते. ‘घेतले’ म्हटले की सगळ्यांचे लक्ष नाकातून नळी घालून पोट धुण्याकडे जाते. तुमच्या सालदाराच्या बाबतीत नेमके काय झाले ते केसपेपर पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, पण कोणी घाबरून चुकीची माहिती दिली तर जीव जाऊ शकतो तो असा. आणि ज्या पोलिसांना टाळण्यासाठी हे सगळे केले, ते टळलेही नाहीत. विषबाधेचा रोगी आला की, तो प्यायलेला असो वा फवारताना पडलेला असो, दवाखाना एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, करतोच.

दुसरे नुकसान हक्काचे, आणि हे तुमच्या घरातही कोणाला माहीत नसावे. शेतीत कीटकनाशकांची फवारणी किंवा धुरळणी करण्यासाठी ठेवलेला माणूस कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या दुसऱ्या अनुसूचीत येत असे (नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आली आहे; तुमच्या प्रकरणाला काय लागू होते ते वकिलाला विचारा). म्हणजे काम करताना झालेल्या इजेसाठी मालकाकडून भरपाई आणि उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मागण्याचा त्याला अधिकार आहे. त्याने स्वतः विष घेतले असे कागदावर आले की तो अपघातच उरत नाही. आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आलेले नसेल, तेव्हा इजा थेट नशेमुळे झाली असे ठरल्यास मालकाची जबाबदारी संपते, असेही त्याच कायद्यात म्हटले होते. पारावर सहज जोडलेले ते ‘पिऊन होता’ किती नेमक्या जागी लागले आहे हे यावरून पाहा. १९२३ च्या कायद्यात दावा करण्याची मुदत साधारणपणे अपघातापासून दोन वर्षांची होती. त्यामुळे ‘झाले ते झाले’ हे निदान कायद्याच्या दृष्टीने तरी अजून झालेले नाही.

करायचे काय, ते आता सांगतो. आधी एक दोनशे पानी वही घ्या आणि त्या दिवसाची हकीकत लिहा, पण पानाचे तीन उभे भाग पाडून: मी डोळ्यांनी पाहिले ते, दुसऱ्याने मला सांगितले ते, आणि मी धरून चाललो ते. ‘तो पिऊन होता’ कोणत्या भागात जाते ते पाहा. आमच्याकडे येणाऱ्यांना हे काम पहिल्या बैठकीत देतो. बरेच जण पहिल्या भागात पाच-सात ओळींच्या पुढे जात नाहीत आणि तिसरा भाग मागच्या पानावर वाहतो. घाई करू नका, दोन-चार दिवस ठेवून पुन्हा वाचा. लिहिताना आणखी एक पथ्य पाळा. तुम्ही मला जे पत्र लिहिले आहे त्यात काका प्रत्येक परिच्छेदात आहेत आणि सालदार दोनदाच येतो, तोही नावाशिवाय. काकांनी दबाव आणला हे खरे आहे, पण कबुलीजबाबातही मुख्य आरोपी दुसराच असेल तर तुम्ही तेच पुन्हा करत आहात, फक्त ठपका खालच्याऐवजी वरच्या माणसावर टाकून. ‘मला सांगायला लावले’ हे वाक्य वहीत एकदा लिहा आणि बाकी सगळीकडे ‘मी सांगितले’ असे लिहा.

त्यानंतर सालदाराकडे जाण्यापूर्वी तालुका विधी सेवा समितीत किंवा ओळखीच्या वकिलाकडे जा. हा सल्ला भित्रेपणाचा वाटेल, पण खोट्या माहितीच्या आधारे सरकारी नोकराकडून दुसऱ्याला त्रास होईल असे करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे, आणि सालदार अनुसूचित जाती-जमातीचा असून तुम्ही नसाल तर अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होऊ शकतो. स्वतःवर काय येऊ शकते हे माहीत नसताना माणूस आवेशात कबूल करतो आणि नोटीस आली की फिरतो. असा फिरलेला माणूस त्या कुटुंबाला पहिल्या खोट्यापेक्षा महाग पडतो. परिणाम माहीत करून घ्या आणि मगच पाऊल टाका.

भेटायला एकटे जा, आणि त्यांच्या घरी जा. त्यांना तुमच्या ओट्यावर बोलावू नका. वयाने मोठे असतील तर रोज ‘भाऊ’ म्हणता तसेच म्हणा, पण त्या दिवशी त्यांना ‘अरे-तुरे’ करू नका. त्यांच्या पत्नीसमोर बोला, कारण नवऱ्याने औषध घेतले हे गावाने तिच्या वागणुकीवरही ओढले असणार. काय सांगायचे ते थोडे आहे: तुम्ही औषध घेतले असे मी डॉक्टरांना आणि पोलिसांना सांगितले, ते खोटे होते, तुम्ही पिऊन होता असे मी लोकांत सांगितले, तेही मी पाहिलेले नव्हते. एवढे बोलून थांबा. ‘मला माफ करा’ असे म्हणू नका, निदान त्या दिवशी तरी नाही, कारण तसे म्हटले की तुमचे समाधान करण्याचे काम त्यांच्यावर येते आणि सालदाराला मालकाच्या घरच्या माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही. पैशाचे पाकीट सोबत नेऊ नका. ते चिडतील, रडतील, किंवा ‘जाऊ द्या भाऊ’ म्हणून विषय टाळतील. टाळला तर त्याचा अर्थ मिटले असा घेऊ नका. पुढचे काय आणि किती उघड करायचे हे त्यांनी ठरवायचे आहे, आणि त्यासाठी त्यांना पंधरा दिवस लागले तरी थांबा.

त्यांची तयारी असेल तर पोलीस ठाण्यात पुरवणी जबाब देण्यासाठी लेखी अर्ज करा आणि त्याची पोच घ्या. केसपेपरच्या प्रती त्यांनीच दवाखान्याच्या अभिलेख विभागातून मागायच्या असतात. अर्ज लिहून देण्यात तुम्ही मदत करू शकता. मुलीच्या सोयरिकीबाबत मध्यस्थाकडे स्वतः जाऊन सांगण्याची तयारी दाखवा, पण त्यांनी विचारल्याशिवाय जाऊ नका. गावात विषय निघाला की एकच वाक्य पुरे: “मी तिथं होतो, त्यानं औषध घेतलं नव्हतं, फवारताना लागलं, आधी मी खोटं सांगितलं होतं.” त्यावर वाद घालत बसू नका, आणि काकांचे नाव कोणी काढले तर ‘त्यांचं त्यांना विचारा’ म्हणा.

काकांना मात्र हे सगळे करण्यापूर्वी घरातच सांगा. बाहेरून कळले तर ते दगा समजतील आणि तसे समजणे चूकही म्हणता येणार नाही. ते संतापतील, वाटणीची भाषा करतील. भावकीने किंवा गावाने बोलणे-चालणे, किराणा, पाणी तोडण्याची धमकी दिली तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण कायद्यापेक्षा तुम्हाला एका माणसाची गरज अधिक आहे. गाडीतल्या त्या दोघांपैकी एकाला तरी हे खटकत असणार, असा माझा अनुभवावरून अंदाज आहे. त्याच्याशी आधी बोला. तो उघडपणे काही बोलला नाही, तुमच्याविरुद्ध फक्त मान डोलावली नाही, तरी पुष्कळ झाले.

शेवटी पैशाचे. भरपाईचा दावा झाला तर तो तुमच्याच घरावर येईल, आणि तेव्हा कोणीतरी शहाणा मधला मार्ग सुचवेल: थोडी रक्कम हातावर ठेवा आणि ‘आमची काही तक्रार नाही’ असे मुद्रांकावर लिहून घ्या. असा कागद करू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार १९२३ च्या त्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे रद्दबातल असे, आणि तो लिहून घेणारा माणूस तुम्ही असलात तर तुमच्या पुरवणी जबाबाला कोणी विचारणार नाही. काही द्यायचे ठरले तर दोघांनी मिळून वकिलामार्फत समझोता लिहा, नुकसानभरपाईचे काम पाहणाऱ्या सक्षम अधिकाऱ्याकडे त्याची नोंद करा, आणि त्याची एक प्रत त्यांच्या घरी राहील असे पाहा.